शेतावरचा शरदोत्सव आणि देणगी मागण्याचा संकोच

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची निफाड तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. बरीच वर्षे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो परिसरात संगणक क्षेत्रात नोकरी करते. आमच्या घराजवळ एका ना-नफा संस्थेची शिक्षणशेती आहे. शहरवस्तीला लागून असलेल्या या शेतावर शाळांच्या सहली येतात, उन्हाळ्यात मुलांची शिबिरे भरतात, तरुणांना शेतीचे प्रशिक्षण मिळते आणि आसपासच्या कुटुंबांना परवडेल अशा दरात भाजी मिळते. शनिवारी तेथे खुरपणीला जाता जाता मी यंदा विश्वस्त मंडळावर आले आणि सप्टेंबरअखेरच्या शरदोत्सवाची जबाबदारी माझ्याकडे सोपवण्यात आली. हा उत्सव संस्थेच्या निधिसंकलनाचा वर्षातला मुख्य कार्यक्रम आहे.

गेल्या वर्षी माणशी १७५ डॉलरचे तिकीट लावून शेतात जेवण ठेवले होते. गर्दी झाली, कौतुक झाले, पण मांडव, केटरर आणि वाद्यवृंद यांची बिले भागवल्यावर जेमतेम पाव हिस्सा शिल्लक राहिला. अध्यक्षांना यंदा तिकीट २५० डॉलर करून लिलावही ठेवायचा आहे. शिक्षण विभाग सांभाळणारी सहकारी म्हणते, ‘ज्या मुलांच्या नावाने आपण पैसे मागतो, त्यांचे आईवडील त्या मांडवात कुठेच नव्हते.’ मला दोघांचेही पटते. शिवाय महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या माणसांकडे पैसे मागायला माझी जीभ रेटत नाही. एकांनी तर विचारले, ‘देवळाला देतो, गावच्या शाळेला देतो, अमेरिकेतल्या शेताला कशाला द्यायचे?’ मला उत्तर सुचले नाही. हा उत्सव करावा का, कसा करावा आणि मागावे कसे?

– एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला अध्यक्षांचेही पटते आणि सहकारी बाईंचेही पटते, याचे कारण ते दोघे दोन निरनिराळ्या कार्यक्रमांविषयी बोलत आहेत आणि दोन्हींना नाव मात्र एकच आहे. पीक हाती आल्याचा आनंद वस्तीसह साजरा करणे हा एक कार्यक्रम आहे. संस्थेचा वर्षाचा खर्च भागावा म्हणून ऐपतदार माणसांकडे मदत मागणे हा दुसरा. गेल्या वर्षी एकाच मांडवात, एकाच तिकिटावर ही दोन्ही कामे उरकण्याचा प्रयत्न झाला. तिकिटामुळे वस्ती बाहेर राहिली आणि जेवणावळीच्या थाटामुळे पैसा खर्चात गेला. उत्सव जरूर करा, पण एकाच दिवसाचे दोन भाग करा आणि त्यांचे हिशेबही वेगळे ठेवा. दुपार सर्वांसाठी खुली आणि विनामूल्य असावी. संध्याकाळी, जे देण्याच्या तयारीने येतील अशा थोड्या लोकांसाठी साधे जेवण असावे आणि त्या जेवणात मदत स्पष्ट शब्दांत मागितली जावी.

आधी पैशाचे बोलते. जमा किती झाले हा आकडा मंडळाच्या बैठकीत छान दिसतो, पण शिकवणाऱ्या माणसांचे पगार उरलेल्या रकमेतून होतात. समजा तिकीट २५० डॉलर ठेवले आणि मांडव, जेवण, वाद्ये, छपाई, सारे धरून माणशी १८० डॉलर खर्च आला, तर शंभर पाहुण्यांमागे ७,००० डॉलर उरतात. त्याच मांडवात दहा जणांनी मनापासून प्रत्येकी १,००० डॉलर दिले, तर १०,००० डॉलर येतात आणि त्यावर वेगळा खर्च पडत नाही. म्हणून तिकीट वाढवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. तिकिटाने जेवणाचा खर्च निघावा एवढीच अपेक्षा ठेवावी. खरे संकलन त्यानंतरच्या आवाहनातून व्हावे. मांडव, खुर्च्या आणि जेवणाचा खर्च एखाद्या स्थानिक बँकेने, बियाणे कंपनीने किंवा सहकारी किराणा दुकानाने आधीच उचलला, तर पाहुण्याने दिलेला प्रत्येक डॉलर शिकवण्याच्या कामी लागेल आणि तसे तुम्हाला मंचावरून छातीठोकपणे सांगता येईल. हे प्रायोजक मार्च-एप्रिलपासून शोधावे लागतात. ऑगस्टमध्ये विचारले तर बहुतेकांचे वर्षाचे पैसे वाटून झालेले असतात.

लिलावाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. वस्तू गोळा करण्यात स्वयंसेवकांचे महिनेच्या महिने जातात आणि येणारी माणसे स्वस्तात काय मिळेल ते पाहू लागतात. नापा खोऱ्यातल्या एका रात्रीच्या मुक्कामाची बोली लावणाऱ्याच्या मनात त्या वेळी शेत नसते. त्याऐवजी तुमच्याकडे ज्याला ‘पॅडल रेज’ म्हणतात ती रीत ठेवा. निवेदकाने सांगायचे की एका वर्गाच्या सहलीला बस, शिक्षिका आणि साहित्य मिळून इतका खर्च येतो, आणि मग मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत, ५,००० पासून ५० डॉलरपर्यंत, एकेक आकडा पुकारायचा. ज्याला जे झेपते त्यावर तो हात वर करतो. ५० डॉलरची पायरी अवश्य ठेवा, कारण स्वयंसेवक आणि वस्तीतली माणसेही देऊ इच्छितात आणि त्यांना त्या संधीपासून वगळणे हा त्यांचा अपमान होतो. मात्र पुकारलेला आकडा तुमच्या स्वतःच्या हिशेबातून काढलेला असला पाहिजे. बसचे भाडे, शिक्षिकेचे तास, बियाणे आणि विम्याचा वाटा हे सारे मांडून एका सहलीची खरी किंमत काढायला बसा. हे काम कंटाळवाणे आहे, पण संपूर्ण उत्सवात याहून महत्त्वाचे दुसरे काम नाही.

एक उदाहरण तुमच्या विश्वस्त मंडळापुढे जरूर ठेवा. मिलवॉकी शहरातली ‘ग्रोइंग पॉवर’ ही संस्था अमेरिकेतल्या नागरी शिक्षणशेतीचे सर्वांत गाजलेले नाव होते. व्यावसायिक बास्केटबॉल खेळून आलेल्या विल ॲलन यांनी ती १९९३ मध्ये सुरू केली. गांडूळखताचे ढीग आणि मासे-भाजी एकत्र वाढवण्याच्या टाक्या पाहायला तेथे देशोदेशींचे लोक येत. २००८ मध्ये ॲलन यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली प्रतिष्ठेची पाठ्यवृत्ती मिळाली, त्यानंतर मोठ्या कंपनीच्या प्रतिष्ठानाची दशलक्ष डॉलरची देणगीही मिळाली आणि तरीही २०१७ मध्ये कर्जाच्या आणि न्यायालयीन दाव्यांच्या बोजाखाली ती संस्था बंद झाली. तेथे कीर्ती होती, कामही होते. परंतु मोठी देणगी मिळाली की कामाचा पसारा वाढतो आणि पुढल्या वर्षी ती देणगी नसली तरी पसारा मात्र राहतो. तुमच्या शेताला एका झगमगत्या संध्याकाळपेक्षा दरमहा १५-२० डॉलर देणारी दोनशे कुटुंबे अधिक टिकवून धरतील. म्हणून संध्याकाळच्या आवाहनात एकरकमी देणगीइतकाच भर मासिक देणगीवर द्या आणि त्यासाठीचा अर्ज टेबलावर, पेनासहित ठेवा.

आता दुपार. सप्टेंबरच्या अखेरीस तुमच्या भागात शेत किती भरलेले असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. टोमॅटोची शेवटची तोडणी, मिरच्या, भेंडी, वाळायला ठेवलेले कांदे आणि घेवडे, वेलीवर कडक होत आलेले डांगर, अंजिरे आणि द्राक्षे, तर दुसऱ्या बाजूला ब्रोकोली-कोबीची रोपे नुकतीच लागलेली. सजावटीला वेगळे काही आणायची गरजच नसते. सर्वांत चांगली योजना अशी की दुपारी शेतावर जे जे दाखवायचे ते मुलांनी दाखवावे आणि मोठ्यांनी शिकावे. टोमॅटोचे बी धरण्याचेच पाहा. पूर्ण पिकलेला टोमॅटो कापून गर आणि बिया बरणीत काढायच्या, थोडे पाणी घालायचे आणि दोन-तीन दिवस आंबू द्यायचे. वर पांढरट बुरशीची साय धरते, बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते, मग पाणी बदलत धुतले की पोकळ बी वर तरंगते आणि भरीव बी तळाशी बसते. दहा वर्षांच्या मुलीने तीन बरण्या मांडल्या, पहिल्या दिवसाची, तिसऱ्या दिवसाची आणि धुतलेल्या बियांची, आणि ‘वास घेऊन पाहा’ असे म्हणून एखाद्या बँक अधिकाऱ्यापुढे मधली बरणी धरली, तर तुमची संस्था काय करते हे त्या गृहस्थाला कोणत्याही चित्रफितीविना कळेल. संध्याकाळी तोच गृहस्थ टेबलाशी बसलेला असतो.

येथे एका गोष्टीची काळजी घ्या, आणि हे मी फार कळकळीने सांगते. मुलांना कामात दाखवा. त्यांच्या अडचणी दाखवू नका. संध्याकाळच्या मंचावर एखाद्या मुलाला उभे करून घरच्या गरिबीची कहाणी सांगायला लावणे हा निधिसंकलनातला फार रूढ आणि फार वाईट प्रकार आहे. त्याने पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येते, पैसेही येतात, पण दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत जाते आणि त्याच्या घराविषयी सगळ्यांना माहीत झालेले असते. जो मुलगा उन्हाळाभर वाफे तयार करायला शिकला, त्याने वाफा कसा करतात ते सांगावे. छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि ती त्यांच्या भाषेतल्या अर्जावर घ्या. सॅक्रामेंटोत ह्मोंग आणि मियेन (दोन्ही आग्नेय आशियातले समाज), मेक्सिकन, अफगाण, रशियन आणि युक्रेनियन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आमंत्रणसुद्धा त्या त्या भाषेत, शाळेच्या दप्तरातून घरी गेले तरच आईबाप येतील. त्यांना केवळ पाहुणे म्हणून न बोलावता कामात भागीदार करा. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या भात, भाज्या किंवा मका पिकवला गेला, ती माणसे शिकवायलाही येतील. त्यांच्या वेळेचे मानधन द्या आणि ते अंदाजपत्रकात आधीच धरा. त्यांच्या हातचे अन्न ठेवायचे असेल तर ते परवाना असलेल्या स्वयंपाकघरात शिजवण्याची सोय संस्थेने करून द्यावी, कारण घरी शिजवलेले अन्न अशा कार्यक्रमात सर्रास वाढता येत नाही.

‘मागावे कसे’ या तुमच्या प्रश्नावर मी सर्वांत अधिक विचार केला. आपल्याकडे मागण्याचा संकोच संस्कारातच येतो. शेतकऱ्याच्या घरात तर देणाऱ्याची सवय असते, मागणाऱ्याची नसते. परंतु तुम्ही स्वतःसाठी मागत नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याने शेताचे नुकसान होते आणि समोरच्या माणसालाही आपल्याला नेमके कशासाठी बोलावले हे कळत नाही. आमंत्रण देतानाच सांगा की संध्याकाळी मदतीचे आवाहन होणार आहे. मग जो येईल तो मनाची तयारी करून येईल आणि ज्याला द्यायचे नाही तो दुपारी मुलांना घेऊन आनंदाने येईल; कोणालाही फसल्यासारखे वाटणार नाही.

मोठी रक्कम देऊ शकतील अशा माणसांना मात्र उत्सवाच्या आधी, एकेकट्याने, शेतावर बोलवा. एखाद्या शनिवारी सकाळी शाळेचे किंवा प्रशिक्षणाचे काम चालू असताना अर्धा तास फिरवून आणा. नंतर सावलीत बसून आकडा सांगून मागा: ‘यंदा आम्हाला वीस वर्गांच्या सहली करायच्या आहेत. त्यांतल्या दोन वर्गांचा खर्च तुम्ही उचलाल का?’ असे विचारल्यावर गप्प बसा. ही शांतता मागणाऱ्याला असह्य वाटते आणि तो घाईने ‘किंवा जमेल तेवढे द्या’ असे म्हणून आपलेच मागणे खाली आणतो. समोरच्याला विचार करायला वेळ हवा असतो, तो त्याला द्यावा. नकार आला तर आभार माना आणि दुपारी यायचे आमंत्रण कायम ठेवा. विश्वस्तांनी मात्र दुसऱ्याकडे मागण्याआधी स्वतः द्यायला हवे. रक्कम ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असो, पण मंडळातल्या प्रत्येकाने दिले आहे हे वाक्य आवाहनात उच्चारता आले पाहिजे.

आता महाराष्ट्र मंडळातल्या त्या गृहस्थांचा प्रश्न. देवळाला आणि गावच्या शाळेला देणे उत्तमच आहे. त्यातले काही काढून शेताला द्या असे सांगू नका. पण त्यांना महर्षी कर्व्यांची आठवण जरूर करून द्या. १९२९ मध्ये, वयाची सत्तरी गाठल्यावर, अण्णासाहेब कर्वे महिला विद्यापीठासाठी साहाय्य मिळवायला युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. परक्या देशांतल्या लोकांपुढे आपल्या मुलींच्या शिक्षणाविषयी बोलताना आणि मदत मागताना त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि ‘हिंदुस्थानातल्या मुलींशी आमचा काय संबंध’ असे न म्हणणारी माणसेही त्यांना भेटली. तुम्ही ज्या गावात राहता, कर भरता, जेथे तुमची मुले शाळेत जातात, त्या गावच्या शेताला देणे तर त्याहून कितीतरी जवळचे आहे. त्या गृहस्थांची नातवंडे तुमच्या शेतावर सहलीला येऊन गेली आहेत का, हेही एकदा पाहा. तसे असेल तर उत्तर त्यांच्याच घरात आहे.

लहान देणग्यांविषयी मंडळींना काही सांगायचे असेल तर पैसा फंडाचे सांगा. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माणशी एक पैसा मागत तो फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. त्या कारखान्यात काचकाम शिकवले जात असे आणि तेथे शिकलेले कारागीर पुढे इतरत्र गेले. लोकांच्या लहान लहान रकमांवर उभी राहिलेली, हाताने काम करून शिकवणारी संस्था ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही, आणि मला वाटते की आपल्या मंडळींपुढे हे नीट मांडले तर त्यांचा हात आखडता राहणार नाही.

मराठी मंडळींना बोलवायचे असेल तर तारीख ठरवण्याआधी पंचांग पाहा. शरद संपाताचा, म्हणजे २२-२३ सप्टेंबरच्या आसपासचा शनिवार काही वर्षी गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत येतो, काही वर्षी पितृपक्षात. पितृपक्षात उत्सवाला यायला काहीजण कचरतील, पण त्याच पंधरवड्यात वाडवडिलांच्या नावे अन्नदान करण्याची आपली रीत असल्याने, वस्तीतल्या कुटुंबांना जाणाऱ्या भाजीच्या टोपल्यांसाठी देणगी मागायला तो काळ योग्यच आहे. नवरात्रात मुलांचा भोंडला किंवा कोजागरीला मसाला दुधाची संध्याकाळ शेतावर करता आली, तर ती वेगळी, लहान आणि महाराष्ट्र मंडळाने आपल्या खर्चाने केलेली असू द्या. संस्थेच्या मुख्य उत्सवावर आपला ठसा उमटवण्याचा मोह टाळा. ते शेत सर्वांचे आहे.

कायद्याच्या गोष्टी थोडक्यात सांगते, पण त्यांतली एकही सोडू नका. तुमची संस्था ५०१(सी)(३) प्रकारची, म्हणजे देणगीवर करवजावट मिळणारी धर्मादाय संस्था असेल, तर ७५ डॉलरपेक्षा अधिक तिकिटावर जेवण देताना त्या जेवणाची वाजवी बाजारकिंमत पाहुण्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि त्याला करवजावट फक्त वरच्या रकमेवर मिळते. तिकीट २५० डॉलर असेल आणि अशा जेवणासाठी बाहेर ९० डॉलर मोजावे लागत असतील, तर वजावटीला पात्र रक्कम १६० डॉलर. संस्थेला ते जेवण प्रायोजकामुळे फुकट पडले असले तरी हिशेब बाजारकिंमतीचाच करायचा असतो. २५० डॉलर आणि त्यावरच्या प्रत्येक देणगीसाठी देणगीदाराला लेखी पोच लागते. डोनर ॲडव्हाइज्ड फंडातून, म्हणजे देणगीदाराने आधीच एका धर्मादाय संस्थेकडे ठेवलेल्या आणि त्याच्या सूचनेने वाटल्या जाणाऱ्या निधीतून, आलेल्या पैशाने कोणालाही जेवणाचे तिकीट देता येत नाही; तशा देणगीदाराकडून तिकिटाचे पैसे वेगळे घ्या. पुष्कळ तंत्रज्ञान कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात, काही तर स्वयंसेवेच्या तासांसाठीही देतात. तुमच्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी माणसे अशा कंपन्यांत असतील, त्यांना प्रत्येकाला याची आठवण करा. २०२६ च्या करवर्षापासून, तपशीलवार वजावटी न दाखवणाऱ्या करदात्यालाही रोख देणगीवर १,००० डॉलरपर्यंत आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. लहान देणगीदारांना हे सांगण्यासारखे आहे.

सोडत काढण्याची सूचना विश्वस्त मंडळात हमखास येईल. कॅलिफोर्नियात सोडतीपूर्वी ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते, जमा रकमेपैकी किमान ९० टक्के धर्मादाय कामाला जावे लागतात आणि सोडतीची तिकिटे इंटरनेटवरून विकता येत नाहीत. एवढे करून मिळणारी रक्कम पाहता मी ती काढणार नाही. वाइन किंवा बिअर द्यायची असेल तर राज्याच्या मद्य नियंत्रण विभागाचा एक दिवसाचा परवाना आणि विम्यात मद्याचे कलम लागेल. दुपारच्या कौटुंबिक भागात मद्य नको, हे माझे स्पष्ट मत आहे. शाळेच्या मुलांनी वाफे दाखवायचे आणि शेजारी ग्लास फिरायचे, हे शोभत नाही. अन्नासाठी काउंटीच्या पर्यावरण व्यवस्थापन विभागाकडे तात्पुरत्या परवान्याची चौकशी आठ-दहा आठवडे आधी करा.

शेताची बाजू विसरू नका. शेतव्यवस्थापकाला विचारल्याशिवाय जागा आणि तारीख ठरवू नये. हाच काळ हिवाळी भाजीच्या लागवडीचा आहे, पुढे ऑक्टोबरात लसूण लावायचा आणि पावसाआधी बाकला आणि व्हेच यांसारखे हिरवळीचे खत पेरायचे असते. शेतावरची माणसे मार्चपासून राबून थकलेली असतात. त्यांच्यावर खुर्च्या लावण्याचे काम टाकू नका, आणि संध्याकाळच्या जेवणात त्यांना पाहुण्यांसोबत टेबलावर बसवा, अर्थात विनातिकीट. ज्या पट्ट्यात लोक बसणार तेथले पाणी आठवडाभर आधी बंद करावे, नाहीतर ओल्या जमिनीत खुर्च्या रुततात आणि माणसांच्या पायांनी माती घट्ट दबून बसते. पाहुण्यांना फिरण्यासाठी लाकडाचा भुसा टाकलेल्या वाटा आखून घ्या.

तुमच्याकडे सप्टेंबरअखेर दुपारी ऊन चांगलेच तापलेले असते आणि खाडीकडून येणारा वारा संध्याकाळीच सुटतो, म्हणून दुपारचा भाग चारनंतर सुरू करा, सावली आणि पिण्याचे पाणी भरपूर ठेवा. वणव्यांच्या धुराचा विचारही आधी करायला हवा. हवेचा निर्देशांक १५० च्या वर गेला तर लहान मुलांचा कार्यक्रम उघड्यावर घेऊ नये, हे आजच ठरवून आमंत्रणात छापा, आणि कार्यक्रम रद्द झाल्यास तिकिटाची रक्कम परत हवी की देणगी म्हणून ठेवावी हे तिकीट घेतानाच विचारा. हा निर्णय आदल्या रात्री घाबरून घ्यायची वेळ येऊ नये. सप्टेंबरात सॅक्रामेंटोत ‘फार्म टू फोर्क’चे कार्यक्रम आणि टॉवर ब्रिजवरची मोठी मेजवानीही असते. त्या तारखा टाळा, आणि त्या मेजवानीशी स्पर्धा करण्याचा विचार सोडून द्या. तेथे नामांकित बल्लवाचार्य असतात. तुमच्याकडे त्या भाजीचे रोप लावणारी मुले आहेत, आणि ज्याला मुलांच्या शिक्षणासाठी द्यायचे आहे तो तुमच्याकडेच येईल.

उत्सव झाला की दोन दिवसांत आभाराचे पत्र गेले पाहिजे. मोठ्या देणगीदारांना विश्वस्तांनी दूरध्वनी करावा आणि त्या दूरध्वनीत पुन्हा काही मागू नये. थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी, म्हणजे ‘गिव्हिंग ट्यूसडे’ला, आणि डिसेंबरअखेर सगळ्याच संस्था मागतात. त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुमच्या देणगीदारांना शेतावरची एक खरी बातमी कळवा: किती वर्ग येऊन गेले, कोणती रोपे लागली, कोणता प्रशिक्षणार्थी कोठे कामाला लागला.

पुढल्या बैठकीला जाताना गेल्या वर्षीच्या उत्सवाचा जमाखर्च एका पानावर घेऊन जा आणि त्यात स्वयंसेवकांचे तासही मांडा. शेजारी एका सहलीचा खरा खर्च लिहा. हे दोन आकडे समोर ठेवून आधी अध्यक्षांशी एकट्याने बोला. त्यांना मोठे जेवण हवे आहे ते संस्थेच्या काळजीपोटीच, त्यामुळे चारचौघांत त्यांचा मुद्दा खोडण्यापेक्षा संध्याकाळच्या भागाची आखणी त्यांच्याकडेच द्या आणि दुपारची सूत्रे सहकारी बाईंकडे सोपवा. विश्वस्त मंडळाकडून मात्र एक ठराव लेखी करून घ्या: उत्सवाचा खर्च इतक्या रकमेच्या वर जाणार नाही, आणि प्रायोजकांकडून तो निम्मा तरी भरून आल्याशिवाय मांडवाची आगाऊ रक्कम दिली जाणार नाही.